ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट

मुलांनो, तुम्ही कुर्ल्यात राहत असा, घाटकोपरला राहत असा किंवा अंधेरी-जोगेश्वरीला, लग्नाची वरात तुम्ही नक्कीच पाहिली असेल. वरातीपुढे बँड चालतो. लाल किंवा निळे कोट घातलेले वादक गाल फुगवून पितळी वाद्ये वाजवीत असतात. त्यांत एक छोटे, चकचकीत वाद्य असते. त्याचा आवाज सगळ्यांत वर चढतो आणि दूरच्या गल्लीतही ऐकू येतो. त्या वाद्याचे नाव ट्रम्पेट.

ट्रम्पेट म्हणजे खरे तर एक पितळी नळी. ती वळवून वळवून लहान केलेली असते. सरळ केली तर तिची लांबी जवळजवळ दीड मीटर भरेल. एका टोकाला ओठ लावायचे आणि दुसऱ्या टोकाच्या कर्ण्यातून सूर बाहेर पडतो. मध्ये फक्त तीन कळा असतात. हार्मोनियमवर प्रत्येक सुराची वेगळी पट्टी असते, तसे येथे नाही. तीन कळा आणि वादकाचे ओठ एवढ्यावरच सगळे सूर काढायचे असतात. ओठ थोडे सैल पडले तरी सूर घसरतो. म्हणून हे वाद्य दिसायला सोपे आणि वाजवायला फार अवघड आहे.

या वाद्यावर प्रभुत्व मिळवलेल्या एका कलावंताची ही गोष्ट आहे. त्यांचे रंगमंचावरचे नाव ऐकून तुम्हांला हसू येईल. ते नाव होते चिक चॉकलेट. हे नाव तुम्ही कदाचित कधी ऐकले नसेल, पण त्यांचा ट्रम्पेट मात्र तुम्ही ऐकला असण्याची शक्यता आहे. जुन्या हिंदी चित्रपटांतील गाणी तुमच्या घरी लागत असतील, तर तो तुमच्या कानांवरून गेला असेल.

त्यांचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील बारदेश तालुक्यात, हळदोणे या गावी झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगिजांचे राज्य होते. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. म्हणजे आंतोनियोचे बालपण आणि तारुण्य या दोन्ही काळांत गोवा परकीय राज्याखाली होता.

गोव्यात एक जुनी प्रथा होती. गावातील चर्चला जोडून एक शाळा असे. तेथे मुलांना प्रार्थनेबरोबर संगीतही शिकवीत. आपण सा, रे, ग, म म्हणतो, तशी ती मुले दो, रे, मी, फा म्हणत. पण ती केवळ गळ्याने म्हणून थांबत नसत. पाच आडव्या रेघा आखलेल्या कागदावर सूर कसे लिहायचे आणि लिहिलेले सूर डोळ्यांनी कसे वाचायचे, हे त्यांना लहानपणीच शिकावे लागे. शिकवणारे मास्तर कडक असत. चुकले की छडी मिळे. तुम्ही जसे उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून वाचता, तशी ही मुले सुरांची लिपी वाचीत. कोणी व्हायोलिन घेई, तर कोणी क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट घेई. गावातील सण, लग्न, अंत्ययात्रा, सगळीकडे ही मुले वाजवीत.

अशा वातावरणात आंतोनियो वाढला. त्याच्या आईला वाटे की मुलाने मेकॅनिक व्हावे, यंत्रे दुरुस्त करावीत आणि चार पैसे मिळवावेत. आईचे काही चुकत नव्हते. वाजंत्र्याच्या पोटाला रोज भाकरी मिळेल याची खात्री कोण देणार? पण मुलाचे चित्त ट्रम्पेटमध्ये गुंतले होते. शेवटी त्याने ट्रम्पेटच हाती धरला.

गोव्यात वादक पुष्कळ आणि काम मात्र थोडे, अशी स्थिती होती. त्यामुळे तरुण वादक आगबोटीने किंवा रेल्वेने मुंबईची वाट धरीत. मुंबईत धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गोवेकरांच्या ‘कुडी’ होत्या. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. तेथे भाडे अगदी थोडे असे. प्रत्येकाची एक पेटी भिंतीशी ठेवलेली असे, रात्री जमिनीवर अंथरूण घालायचे आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना म्हणायची. कोणी बोटीवर खलाशी, कोणी आचारी, तर कोणी बँडमध्ये वादक. मुंबईच्या संगीताचा मोठा भाग अशा खोल्यांतून निघालेल्या लोकांनी घडवला, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

त्या काळी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत एका नव्या संगीताचा बोलबाला सुरू झाला होता. त्याचे नाव जाझ. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांनी हे संगीत निर्माण केले. त्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आफ्रिकेतून तेथे नेले गेले होते. जाझमध्ये आधी एक चाल ठरलेली असते, पण ती वाजवता वाजवता वादक आपल्या मनाने तिच्यात नवे सूर घालतो. आपले गवई रागात ताना घेतात, त्याच्याशी याचे थोडे साम्य आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढच्या वर्षी क्रिकेट स्मिथ हे ट्रम्पेटवादक त्याच हॉटेलात बँडचे प्रमुख झाले. त्यांच्या स्वतःच्या देशात गोऱ्या लोकांच्या अनेक हॉटेलांत त्यांना पुढच्या दाराने आत येऊ देत नसत. येथे मात्र लोक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवीत. गोव्याच्या तरुण वादकांनी या कलावंतांना जवळून ऐकले. शिवाय परदेशी तबकड्या मिळत. एकच तबकडी फोनोग्राफवर पुन्हा पुन्हा लावायची, सूर ऐकून कागदावर उतरवायचे आणि मग वाजवून पाहायचे, असा त्यांचा अभ्यास चाले.

आंतोनियो वाझ यांच्यावर सर्वांत जास्त प्रभाव पडला तो लुई आर्मस्ट्राँग या अमेरिकन ट्रम्पेटवादकाचा. आर्मस्ट्राँग यांचा आवाज घोगरा होता. ट्रम्पेट वाजवून झाला की ते पांढऱ्या रुमालाने घाम पुशीत आणि त्याच घोगऱ्या आवाजात गात. चिक यांनीही तो रुमाल उचलला, ती गाण्याची ढब उचलली आणि सूर चढवण्याची ती रीतही उचलली. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. दुसऱ्याची नक्कल करणारा कलावंत लहान असतो, असे तुम्हांला वाटेल. पण प्रत्येक शागीर्द आधी उस्तादाची नक्कलच करतो. पुढे तो काय करतो, हे पाहायचे असते.

सुरुवातीला चिक दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवीत. काही काळ ते ब्रह्मदेशात रंगून येथेही वाजवून आले. १९४५ च्या सुमारास त्यांनी स्वतःचा बँड उभा केला. त्यात अकरा वादक होते. हा बँड ग्रीन्स हॉटेलात आणि पुढे ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. ग्रीन्स हॉटेल ताजच्या शेजारीच होते. आता ते नाही. त्या जागी १९७३ मध्ये ताजची उंच इमारत उभी राहिली.

बँडचा प्रमुख म्हणजे केवळ पुढे उभा राहणारा माणूस नव्हे. कोणते गाणे वाजवायचे, ते त्याने ठरवायचे. प्रत्येक वाद्याने काय वाजवायचे, ते वेगवेगळ्या कागदांवर लिहायचे. नवा मुलगा आला की त्याला मागच्या खुर्चीवर बसवायचे आणि रोजच्या तालमीत हळूहळू तयार करायचे. येथे एक शब्द बघा. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पहिलवानांचा आखाडा, आणि नाटकाच्या किंवा वाद्यवृंदाच्या सरावालाही आपण तालीम म्हणतो. बँडच्या तालमीत हे सगळे अर्थ एकत्र येतात. तेथे घाम गाळावा लागतो, पुन्हा पुन्हा सराव करावा लागतो आणि शिक्षणही होते. चिक स्वतः चालीही बांधीत. ‘काँतेसा’ ही त्यांची स्वतःची रचना होती.

अशी दहा-पंधरा वर्षे सुखाने गेली असती. पण १९४९ मध्ये मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० पासून तो कडकपणे अमलात आला. कायद्याचा हेतू लोकांचे संसार वाचवण्याचा होता. त्याचा एक परिणाम मात्र कोणी मोजला नव्हता. हॉटेलांतील रात्रीच्या मैफलींना येणारे लोक कमी झाले. मालकांनी बँड लहान केले, काहींनी बंदच केले. ज्यांना वाजवण्याखेरीज दुसरे काही येत नव्हते, त्या वादकांनी आता कोठे जायचे?

ते मुंबईच्या उपनगरांकडे वळले. मालाडला बॉम्बे टॉकीज होते, गोरेगावला फिल्मिस्तान होते, अंधेरीला प्रकाश आणि मोहन हे स्टुडिओ होते. तेव्हा या भागांत आजच्यासारखी दाटी नव्हती. स्टेशनाबाहेर टांगे उभे असत आणि स्टुडिओच्या मागे शेते व ताडाची झाडे दिसत. ट्रम्पेटची पेटी काखेत धरून लोकलने येणाऱ्या वादकांना या स्टुडिओंनी काम दिले. हिंदी चित्रपटाला गाणी हवी होती आणि गाण्यांना वादक हवे होते.

चिक यांची गाठ येथे एका मराठी संगीतकाराशी पडली. त्यांचे नाव रामचंद्र नरहर चितळकर. सारा देश त्यांना सी. रामचंद्र म्हणून ओळखतो. नगर जिल्ह्यातील पुणतांबे हे त्यांचे जन्मगाव. पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे ते शास्त्रीय गाणे शिकले होते. पण त्यांचे कान उघडे होते. मुंबईच्या हॉटेलांत वाजणारे पाश्चात्त्य संगीत त्यांना आवडे. तो रंग हिंदी गाण्यात आणावा, असे त्यांना वाटे. त्यासाठी ते संगीत रक्तात भिनलेला माणूस हवा होता. चिक त्यांचे साहाय्यक झाले.

काम कसे चाले, ते समजून घेण्यासारखे आहे. संगीतकार हार्मोनियमवर चाल गुणगुणतो. ती चाल एकाच ओळीची असते. आपले संगीत असेच आहे. एका वेळी एक सूर आणि त्याच्या मागे दुसरा सूर. पाश्चात्त्य पद्धतीत एकाच वेळी व्हायोलिन एक सूर वाजवते, क्लॅरिनेट दुसरा आणि ट्रम्पेट तिसरा, तरीही ते एकमेकांशी भांडत नाहीत. साहाय्यकाने ती एक ओळ ऐकायची आणि तिच्याभोवती बाकीच्या वाद्यांची वस्त्रे शिवायची. गाण्याच्या आधी काय वाजेल, दोन कडव्यांच्या मध्ये काय वाजेल, ट्रम्पेट कोठे उसळेल आणि कोठे गप्प बसेल, हे सगळे तो पाच रेघांच्या कागदावर लिही. वादक आले की प्रत्येकाच्या पुढे त्याचा कागद ठेवला जाई.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मोठी परीक्षा असे. तेव्हा आजच्यासारखी यंत्रे नव्हती. गायक आणि सगळे वादक एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवीत. माइक अगदी थोडे असत. ट्रम्पेटचा आवाज मोठा, म्हणून ट्रम्पेटवादकांना माइकपासून दूर मागे उभे करीत. शेवटच्या ओळीत एकाचा सूर चुकला, तरी गाणे पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागे. गायिकेचा घसा सुके, वादकांचे ओठ सुजत.

१९५० मध्ये फिल्मिस्तानचा ‘समाधी’ आला. पुढच्या वर्षी ‘अलबेला’ आला आणि सगळीकडे धूम उडाली. ‘अलबेला’चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान पालव हे गिरणी कामगाराचे चिरंजीव. त्यांनी आपला स्टुडिओ चेंबूरला उभारला होता. या एका चित्रपटातील माणसे पाहा. नायक आणि संगीतकार मराठी. गीते लिहिणारे राजेंद्र कृष्ण उर्दूत वाढलेले पंजाबी कवी. नायिका गीता बाली पंजाबी शीख. वाद्यवृंदात बोंगो वाजवणारे कावस लॉर्ड पारशी. आणि ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट गोव्याचे ख्रिस्ती. त्यातली नाचाची गाणी सत्तर वर्षांनंतरही लग्नांत वाजतात. बँडवाला ती वाजवू लागला की म्हातारी माणसेसुद्धा पाय हलवू लागतात.

आता चिक यांना वाटले असेल की स्वतःच्या नावाने संगीत द्यावे. तशी संधी त्यांना मिळाली. १९५१ मध्येच ‘नादान’ हा चित्रपट आला. देव आनंद आणि मधुबाला त्यात होते. संगीत दिग्दर्शक म्हणून पडद्यावर नाव आले चिक चॉकलेट यांचे. लोकांची कल्पना असेल की हा माणूस आता नुसता धांगडधिंगा करील. पण या चित्रपटातील एक गाणे तलत महमूद यांनी गायले आहे. गाणे प्रेयसीचे चित्र काढण्याविषयी आहे. ते इतके हळुवार आहे की एखाद्या गझलेसारखे मनात राहते. नक्कल करणारा शागीर्द पुढे काय करतो, असे मी वर म्हटले होते. त्याचे उत्तर मला या गाण्यात सापडते. आर्मस्ट्राँगचा रुमाल तेथे कोठेच दिसत नाही.

पुढे १९५२ मध्ये ‘रंगीली’ आला. ‘कर भला’ (१९५६) या चित्रपटाच्या संगीतातही चिक यांचा वाटा होता. पण हे चित्रपट फार चालले नाहीत. चित्रपटाच्या धंद्यात चालीची गोडी मोजली जात नाही, तिकिटे मोजली जातात. चिक पुन्हा साहाय्यकाच्या खुर्चीवर आणि बँडच्या पुढे आले. त्यांनी ट्रम्पेट खाली ठेवला नाही.

येथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. जुन्या तबकडीच्या मधोमध गोल कागद चिकटवलेला असे. त्यावर चित्रपटाचे नाव, गायकाचे नाव आणि संगीतकाराचे नाव छापीत. वादकाचे नाव नसे. गाणे सुरू होताच ज्या ट्रम्पेटने आपण ओळखतो की हे अमुक गाणे, तो ट्रम्पेट कोणी वाजवला, ते कोठेच लिहिलेले नसे. वादकाला त्या दिवसाची मजुरी मिळे. मग गाणे वर्षभर वाजो की शंभर वर्षे, त्याचा हिशेब तेथेच संपे. पाच रेघांचे ते कागदही काम झाल्यावर बहुधा टाकून दिले जात. एवढ्या मेहनतीने लिहिलेले ते कागद रद्दीत जावेत, याचे वाईट वाटते.

विद्या मात्र अशी रद्दीत गेली नाही. गोव्याच्या वादकांनी स्टुडिओंत सुरांची लिपी आणली आणि ती इतरांनीही घेतली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक मुंबईत अनेकांना शिकवीत. गोरखपूरहून आलेले पंडित रामप्रसाद शर्मा हेही ट्रम्पेट वाजवीत. त्यांनी चित्रपटसृष्टीतील कितीतरी तरुणांना सूर लिहायला आणि वाचायला शिकवले. त्यांचा मुलगा प्यारेलाल वडिलांकडे शिकला आणि गोन्साल्विस यांच्याकडेही व्हायोलिन शिकला. हाच मुलगा पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील संगीतकार झाला. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटात नायकाचे जे नाव गाण्यातून घराघरांत गेले, ते या शिक्षकाचे होते. शिष्याने गुरूचे नाव असे सर्वांच्या तोंडी बसवले.

चिक यांच्या नावाचे असे गाणे झाले नाही. मे १९६७ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. पन्नाशी नुकतीच उलटली होती. सी. रामचंद्र त्यांच्यानंतर पंधरा वर्षे जगले. हॉटेलांतील मोठे बँड हळूहळू कमी झाले. पुढे स्टुडिओंत इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली आणि एका यंत्रातून ट्रम्पेटसारखा आवाज निघू लागला. मग मागे उभे राहणारे खरे ट्रम्पेटवादकही कमी झाले. कित्येक वर्षांनी, २०१२ मध्ये, मुंबईच्या जाझवादकांवर नरेश फर्नांडिस यांचे एक इंग्रजी पुस्तक आले आणि लोक चिक यांच्याविषयी पुन्हा बोलू लागले.

त्यांना पाहण्याची सोय मात्र आहे. ‘अलबेला’मध्ये एका नृत्याच्या वेळी भगवान आणि गीता बाली यांच्याबरोबर एक बँड दिसतो. झालरी लावलेल्या मोठ्या बाह्यांचे सदरे घातलेले वादक त्यात आहेत. बहुतेक प्रेक्षक नाचणाऱ्यांकडेच पाहतात. तुम्ही ट्रम्पेटवाल्याकडे पाहा. ते हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ आहेत.